तळहातावरचं मैदान

मैसूर,
१४ मार्च

माझ्या प्रिय बोळ्ळूला,

तुझं पत्र येऊन आज वीस दिवस झाले. उत्तर आलं नाही म्हणून तू मला मनातल्या मनात शिव्या घातल्या असशील, आणि त्यातल्या निम्म्या मला इथे मैसूरला ऐकू आल्यात. पत्र मी दिव्याच्या कोनाड्यात ठेवलंय. रोज संध्याकाळी वात लावताना हात त्याला लागतो. तू सांगितलेलं आणि तुझ्या लेकाने, पूवय्याने लिहिलेलं ते सगळं मला आता पाठ झालंय. यंदाचा आपल्या कुटुंबांचा हॉकी-मेळा तोरेमाडा घराण्याकडे आहे. पहिल्या दिवशी त्यांनी तुला मंचावर बोलावलंय, जुनी खेळाडू म्हणून शाल द्यायची आहे आणि तू पाच मिनिटं बोलायचं आहेस. ‘मी दुसरं काहीही बोलणार नाही, देची. आमच्या पूवय्याचा तोच गोल सांगणार. तोरेमाडांच्याच मैदानावर, तोरेमाडांच्याच तोंडावर! त्यांची ती पोर गोलात कशी झोपली तेही सांगणार, हसतील बिचारे. तू शेजारी उभी राहा. मी काही विसरले तर हात दाब.’

बोळ्ळू, तो गोल तू सांगू नकोस. निदान हे पत्र शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय सांगू नकोस. आणि ऐकून झाल्यावर तू मला पुन्हा कधी हात देशील का, या भीतीने मी वीस दिवस कागद काढते आहे आणि परत ठेवते आहे. तुला माहीत आहे, मी कागद वाया घालवणारी बाई नाही. पण तीन कागद चुलीत गेले.

तिकडे मळ्याला फुलं आली असतील. तू म्हणायचीस ना, डोळे गेल्यावर कॉफीच्या फुलांचा वास दुप्पट झाला म्हणून. इथे वास येतो तो समोरच्या बेकरीचा. यांच्या गुडघ्यांसाठी म्हणून आम्ही इथे आलो, मुलीच्या घराजवळ, पण जीव तिकडेच आहे. हे सकाळी गच्चीत खुर्ची टाकून बसतात आणि पेपरात आपल्या कोडगू जिल्ह्याची एखादी ओळ दिसली तर मोठ्याने वाचतात. मी घर चालवते. नळ टपकला तर खाली बादली लावते, त्या पाण्याने कुंड्या जगतात. मुलगी हसते. म्हणते, आई, तुझ्या घरात पाण्याचा थेंबसुद्धा काम केल्याशिवाय जात नाही. सांगायचं एवढंच की मी तीच आहे, तू जिला कंजूष म्हणायचीस ती. फक्त एका गोष्टीत मी तशी राहिले नाही, आणि ती गोष्ट नेमकी तुझी होती.

आठवतं तुला, पुत्तरीचा सण झाला, भात कापून झालं की आपण खाचरात उतरायचो. टाचेला धसकटं टोचायची. बांबूच्या मुळाचा चेंडू आणि कॉफीच्या वाकड्या फांदीची काठी. पंच कुठला असायला? म्हणून एकच नियम होता: चेंडू ज्याच्या पायाला लागेल त्याने आपणहून हात वर करायचा आणि खेळ थांबवायचा. कुणी बघितलं असो वा नसो. मला धावता येत नव्हतं, म्हणून मी बांधावर बसून गोल मोजायची. तू चौदा वर्षांची होतीस. पलीकडच्या गावची पोरं आली होती, सामना बरोबरीत होता, आणि शेवटी शेवटी तू चेंडू घेऊन अशी घुसलीस की त्यांचा रखवालदार काठी टाकून पळाला. तू गोल मारलास. आपली सगळी नाचायला लागली, आणि तू एकटी हात वर करून उभी. ‘पायाला लागला होता.’ तुझा भाऊ ओरडला, ‘अगं ए शहाणे, कोणी बघितलं?’ तू म्हणालीस, ‘पायाने बघितलं.’ आपण हरलो. घरी जाईपर्यंत तुझ्याशी कोणी बोललं नाही, फक्त मी तुझी काठी धरली होती.

पुढे लग्न होऊन तू कोळुवंडा घरात गेलीस आणि तिथल्या अंगणात पोरांना हाच नियम शिकवलास. घरात माणसं कमी. मेळ्यात उतरायचं तर अकरा जण एकाच घराण्याचे हवेत, म्हणून छत्तिसाव्या वर्षी तू स्वतः पॅड बांधून गोलात उभी राहिलीस. सासरे म्हणाले, ‘सूनबाई, एवढी रुंद झाली आहेस की चेंडूला जागाच नाही.’ तेव्हापासून साऱ्या तालुक्यात माहीत होतं की कोळुवंड्यांचा माणूस पायाला चेंडू लागला तर शिट्टीची वाट बघत नाही. ‘बोळ्ळव्वाचा हात’ म्हणायचे त्याला. हे मी तुला का सांगते आहे? तुला माहीत नाही का? पण पुढचं सांगायचं तर हे आधी यायला हवं.

मग काचबिंदू. आधी कडा गेल्या, मग मधलंही धूसर होत गेलं. तू म्हणालीस, ‘चेंडू दिसत नाही आता, नुसती पळणारी माणसं दिसतात. वेड्यांचा बाजार.’ आणि एका वर्षी माणसंही दिसेनाशी झाली. तरी तू मेळ्याला आलीस. मी शेजारी बसले. मला वाटलं, सांगायचं, त्यात काय. माझं सांगणं म्हणजे, ‘अगं अगं अगं! गेला! अरे देवा! नाही गेला!’ तू पाच मिनिटं ऐकलंस आणि माझ्या मांडीवर चापट मारलीस. ‘काय गेलं? कुणाचं गेलं? माझे डोळे गेले, देची, तुझी जीभ तरी शाबूत आहे ना? नीट सांग!’ मागच्या रांगेतली माणसं खो खो हसली. मग मी नीट सांगायला लागले तर तू म्हणालीस, ‘हे काय, वाणसामानाची यादी वाचते आहेस का?’

तेव्हा तूच तुझा डावा हात माझ्या मांडीवर उताणा ठेवलास. मनगट म्हणजे आपला गोल, बोटांची टोकं म्हणजे समोरचा. अंगठ्याकडची बाजू म्हणजे आपण बसलो होतो ती. माझं बोट म्हणजे चेंडू. सरकवत नेलं की कोणीतरी चेंडू घेऊन धावतंय, नखाने टिचकी मारली की फटका, हात मिटवला की गोल. आणि चिमटा म्हणजे फाउल. ‘चिमटा जोरात काढ,’ तू म्हणालीस, ‘फाउल दुखायला पाहिजे.’ तोंडाने मी फक्त नाव सांगायचं. दोन सामन्यांत तुझा हात एवढा तयार झाला की माझं बोट डीच्या, गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या कडेला पोचायच्या आत तू खुर्चीतून अर्धी उठलेली असायचीस. आजूबाजूचे लोक मैदान सोडून तुझ्याकडे बघायचे. एकदा एका म्हाताऱ्याने मला विचारलं, ‘बाई, माझे डोळे चांगले आहेत, पण माझाही हात धराल का? मला यांच्याइतकी मजा येत नाही.’ तू म्हणालीस, ‘आजोबा, रांगेत या.’

आठ वर्षं, बोळ्ळू. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि रानआंब्याची आमटी. सरबताच्या गाडीपाशी मी तुला ओढत पुढे न्यायची, आणि तू मुद्दाम तिथेच चप्पल अडकल्याचं नाटक करायचीस. त्या आठ वर्षांत मी तुझ्या हातावर एकही खोटी रेघ ओढली नव्हती. हे मी दिव्यासमोर सांगू शकते. कोळुवंडा हरत असतील तर हरताहेत, पूवय्याने सोपा चेंडू घालवला तर घालवला. तू म्हणायचीस, ‘देचीचं बोट म्हणजे तराजू.’ मला त्याचा किती अभिमान होता ते मी तुला कधी सांगितलं नाही. मॅट्रिक झालेली, चार भिंतींत राहिलेली बाई मी. माझ्यावर कोणी एवढा भरवसा टाकला नव्हता.

आता ते वर्ष. तुझे यजमान, मुत्तण्णा, आदल्या पावसाळ्यात गेले होते. तू जेवण सोडल्यासारखीच होतीस. कैलपोळ्दला, शस्त्रं पुजायच्या सणाला, घरातल्या बंदुकांशेजारी हॉकीची काठी पूजेला मांडायची तुझी पद्धत, कळलावीचं लाल-पिवळं फूल तिला खोचायचं. त्या वर्षी तू मांडलीच नाहीस. पूवय्या मला म्हणाला, ‘मावशी, अव्वाला मेळ्याला आणायचं म्हणजे उचलूनच आणावं लागेल.’ आणलं आपण. तू माझ्याशेजारी बसलीस, हात माझ्या मांडीवर ठेवलास, आणि तो हात गार होता. कोळुवंडा अकरा वर्षांत तिसऱ्या फेरीच्या पुढे गेले नव्हते. समोर तोरेमाडा. त्यांच्या गोलात निविता, एकोणीस वर्षांची, उंच, हेल्मेटमधून वेणी बाहेर आलेली. तुला मी तेव्हा सांगितलं होतं, ‘मुलगी आहे गोलात.’ तू म्हणालीस, ‘मग कठीण आहे.’

शेवटची चार मिनिटं उरली होती. एकही गोल नाही. पूवय्याला उजव्या बाजूने चेंडू मिळाला आणि माझं बोट तुझ्या करंगळीच्या कडेने वर निघालं. तुझा हात मला आठवतो. तो गरम झाला होता. कित्येक महिन्यांनी. डीमध्ये दोन तोरेमाडा त्याच्या अंगावर आले, चेंडू उसळला, आणि बोळ्ळू, तो त्याच्या पायाला लागला. उजव्या बुटाला. चांगला दणकून लागला आणि त्याच्याच काठीपुढे येऊन पडला. पंच त्या दोघांच्या पाठीमागे होते, त्यांना दिसलं नाही. आम्हाला दिसलं, अर्ध्या गॅलरीला दिसलं. निविताला तर सगळ्यात स्पष्ट दिसलं. ती पुढे झेपावत होती ती थांबली. सरळ उभी राहिली आणि पूवय्याकडे बघत राहिली.

ती का थांबली, ते मला तेव्हाच कळलं होतं. ती कोळुवंड्याच्या हाताची वाट बघत होती. तिला लहानपणापासून तेच सांगितलेलं असणार, की त्या घरचा माणूस हात वर करतो. दुसरं कुठलंही घराणं समोर असतं तर ती थांबली नसती, पॅडने चेंडू उडवून लावला असता. पूवय्याचा हात वर गेला नाही. त्याने मारला.

शिट्टी वाजली, गोल दिला. मी तुझा हात मिटवला. इथपर्यंत मी खोटं बोलले नव्हते, गोल दिलाच होता ना. पण चिमटा काढायचा राहिला. तू उठून उभी राहिलीस, माझा खांदा इतक्या जोरात धरलास की आठ दिवस वळ होता. आणि तेवढ्यात गॅलरीतून ती हूऽऽ सुरू झाली. तू वळून विचारलंस, ‘हे काय? का ओरडतात? देची, काय झालं?’ तुझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि तू हसत होतीस. मुत्तण्णा गेल्यानंतर पहिल्यांदा. मी म्हणाले, ‘त्यांच्याच पोरीवर ओरडतायत. गोलात उभी झोपली.’

केवढं लहान वाक्य. ते मी आधी जुळवलं नव्हतं, देवाशपथ, तोंडातून निघून गेलं. पण निघाल्यावर परत घेता आलं असतं. तू दोनदा विचारलंस, ‘खरंच झोपली?’ मी दोन्ही वेळा हो म्हणाले.

सामना संपल्यावर तू मला ओढत तोरेमाडांच्या तंबूकडे नेलंस. मी म्हणत होते, चल, बस चुकेल. तू ऐकेनास. ‘मी पण गोलात उभी राहिलेली बाई आहे, त्या पोरीला दोन शब्द सांगते, तिला बरं वाटेल.’ ती पॅड सोडत बसली होती. तू तिचा हात हातात घेतलास, तिच्या गालावरून हात फिरवलास आणि एवढ्या मायेने म्हणालीस, ‘बाळ, रडू नकोस. पण गोलात उभं राहायचं तर डोळे उघडे ठेवायचे गं.’ आंधळ्या बाईने हे म्हटल्यावर आजूबाजूचे सगळे हसले. तूही हसलीस. तुला वाटलं, आपण छान विनोद केला. निविताने मान वर केली आणि तुझ्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. तुझ्या हातात अडकवलेल्या माझ्या हाताकडे बघितलं. मग ती तुला म्हणाली, ‘हो आजी, ठेवीन.’ मी तोंड फिरवलं.

त्यानंतर तू तो गोल किती जणांना सांगितलास! लग्नात, बारशात, दवाखान्यात रांगेत. ‘माझ्या देचीच्या बोटाने मी तो गोल बघितलाय, तुमच्या डोळ्यांपेक्षा चांगला.’ प्रत्येक वेळी मी शेजारी मान हलवली. तू जेवायला लागलीस, कैलपोळ्दला काठी पुन्हा पूजेला आली, आणि मी स्वतःला समजावलं की एका वाक्याने माणूस उठून बसलं तर देव रागावणार नाही. पण पुढच्या वर्षी तुझा हात पुन्हा माझ्या मांडीवर आला आणि माझं बोट बिघडलं होतं. पूवय्याने चेंडू घालवला की मी सांगायची, त्यांनी छान काढून घेतला. बाहेर गेलेला फटका मी खांबाला लावून आणायची. तू खूष व्हावीस म्हणून. तुझ्या लक्षातही आलं असेल कदाचित. एकदा तू म्हणालीस, ‘आज सगळेच फार चांगले खेळतायत, नाही?’ तो सामना तू बघत नव्हतीस, बोळ्ळू. मी बसल्या जागी रचत होते आणि तुझ्या हातावर लिहीत होते. तराजूच खोटा झाला होता.

म्हणून गेली दोन वर्षं मी आले नाही. गुडघ्यांचं निमित्त तुला कळवलं, पण यांचे गुडघे बरे होते. तेही खोटंच होतं. तू तुझ्या पुतण्याला घेऊन गेलीस आणि तो तीन दिवस ‘सुपर, काकी, सुपर’ एवढंच म्हणाला. या पत्रात तू लिहिलं आहेस, ‘दोन वर्षं मी नुसता गोंगाट ऐकून आले. तू नाहीस तर मी आंधळी आहे.’ त्या ओळीवर पूवय्याचं अक्षर जरा हललंय.

गेल्या दसऱ्यात इथल्या बाजारात झेंडूची फुलं घेताना कोणीतरी मागून म्हणालं, ‘तुम्ही त्या कोळुवंडा आजींच्या शेजारी बसता ना?’ निविता. इथे एका दुकानात हिशेब बघते. फुलांची पिशवी माझ्या हातातून निसटणार होती. तिने ती धरली. विचारलं काय, तर ‘आजी कशा आहेत? अजून येतात ना मेळ्याला?’ मी तिला विचारलं, गोलात उभी राहतेस का? म्हणाली, ‘नाही. घरची मुलं अजून विचारतात, निविता, उठलीस का? लग्नकार्यात सकाळी चहा देतानाही तेच. सवय झाली. पण पॅड बांधावंसं वाटत नाही.’ मी तिथे भर गर्दीत विचारलं, ‘त्या दिवशी तू बोलली का नाहीस? खरं का सांगितलं नाहीस?’ तिने पिशवी परत माझ्या हातात दिली. मग म्हणाली, ‘आजी माझा हात धरून एवढ्या प्रेमाने बोलत होत्या. त्यांना खरं सांगायचं म्हणजे तुम्हाला खोटं पाडायचं. मग पुढचा सामना त्यांनी कोणाच्या बोटाने बघायचा?’

एकोणीस वर्षांच्या पोरीने तंबूत बसल्या बसल्या एवढा विचार केला. तिने आपला खेळ घालवला, आणि तुझे डोळे म्हणून मला राखलं. आणि तिने ज्यासाठी राखलं ते मी दोन वर्षं केलंच नाही, घरी बसून राहिले.

तूळ संक्रमणाला मी तलकावेरीला, कावेरीच्या उगमावर गेले. थंडगार पाण्यात तीन बुड्या मारल्या, कावेरीअम्मेपुढे डोकं टेकलं, इग्गुतप्पा देवाला तांदूळ वाहिले. उतरताना पायऱ्यांवर कळलं की काहीच हललं नाही. देवाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, त्याला मी नवीन काय सांगितलं? ज्याला ठाऊक नाही त्याला सांगायचं होतं. फोन तीनदा लावला. तू ‘देची!’ म्हणून असा आवाज काढतेस की पुढे बोलवत नाही. आणि आता तू तोरेमाडांच्या मंचावर उभी राहणार, समोर निविता बसलेली असणार, आणि तू सगळ्या कोडगूसमोर तिला पुन्हा एकदा झोपवणार. या वेळी ती उठून काही बोलली तर तुझी मान खाली जाईल. आणि नाही बोलली तर, बोळ्ळू, ते त्याहून वाईट. तुझ्या तोंडून अन्याय होईल आणि तुला कधी कळणारही नाही. मी तुझ्याकडून एवढं करून घेऊ शकत नाही.

मंचावर काय सांगायचं ते तू ठरव. शाल नाकारायची असेल तर नाकार, माझं नाव घेऊन सांगायचं असेल तर घे. मी पहिल्या दिवशी येईन. तिकीट काढलंय, साध्या बसचं. आपल्या नेहमीच्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसेन आणि शेजारची जागा पदर टाकून धरून ठेवीन. तू आलीस तर ठीक. नाही आलीस तर ती जागा मी दुसऱ्या कोणाला देणार नाही, रिकामीच राहील.

राहिलं एकच, आणि हे पत्र टपालातून तुझ्याकडे पाठवण्याचं खरं कारणही तेच. मी स्वतः येऊन सांगू शकले असते, शाळेतल्या मास्तरीणबाईंच्या पत्त्यावर पाठवून त्यांच्याकडून वाचून घे म्हटलं असतं. तसं केलं नाही. माझं पत्र तुला नेहमी कोण वाचून दाखवतं ते मला माहीत आहे, आणि ते त्यानेच वाचावं म्हणून मी हे लिहिलं. पूवय्या, त्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी तू मला विचारलंस, ‘मावशी, अव्वाला काय सांगितलंत?’ मी सांगितलं. तू तोंडावर पाणी मारलंस, बराच वेळ मारत राहिलास, आणि म्हणालास, ‘मग असू दे.’ त्यानंतर आपण दोघं त्यावर कधी बोललो नाही. तू तेवीस वर्षांचा होतास, तुझा बाप नुकताच गेला होता, आणि तुझी जेवण सोडलेली आई मैदानाबाहेर आस लावून बसली होती. तुझा हात का वर गेला नाही हे मला कळतं, कारण माझा चिमटा त्याच कारणासाठी राहिला. आत्ता या पानावर येईपर्यंत तू किती ओळी गाळल्यास ते मला इथून दिसत नाही. तू गाळल्या असशील, तर माझ्यापेक्षा मोठा गुन्हा केला नाहीस. मागे जा आणि वाच. आणि गाळल्या नसशील, तर तुझा हात आज वर गेला, बाळा, चार वर्षांनी का होईना. आता कागद खाली ठेव. अव्वाचा डावा हात तुझ्या मांडीवर घे. मनगट आपलं, बोटांची टोकं त्यांची. करंगळीच्या कडेने वर ये, हळू, घाई करू नकोस, तिला सगळं कळतं. आणि डीच्या आत, तुझ्या पायाला लागला तिथे थांब, आणि चिमटा काढ. जोरात काढ. दुखायला पाहिजे, असं तीच म्हणायची.

तिसऱ्या रांगेत वाट बघणारी,
तुझीच, तू ठेवशील तर,
देची